नगराची तिजोरी व नगराचें आरोग्य

घरांतील मोरींत ओतलेलें पाणी पुढें कोठें जातें, हा प्रश्न आपणांपैकीं फार थोड्यांच्या मनांत येत असेल. तें डोळ्यांआड झालें म्हणजे आपलें काम संपलें, असें आपण समजतों. परंतु लाखों माणसांच्या शहरांत असें डोळ्यांआड झालेलें पाणी पुन्हां कोणाच्या तरी घागरींत येण्याची भीति असते. तें तसें येऊं नये म्हणून जमिनीखालीं मोठालीं बांधकामें करावीं लागतात. त्या बांधकामांस अपार द्रव्य लागतें. आणि तें द्रव्य उभें करण्याचा अधिकार कायद्यानें कोणास तरी दिलेला असावा लागतो. बांधकाम करणाऱ्या इंजिनियराची कीर्ति सर्वत्र होते. पण त्याच्या पाठीशीं असलेल्या ह्या अधिकाराची ओळख शाळेच्या पुस्तकांतून सहसा होत नाहीं. ती करून देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं एकोणिसाव्या शतकांतील लंडन शहराचें उदाहरण घेतलें आहे. द्रव्य उभें करण्याचा पुरेसा अधिकार कोणापाशींच नव्हता तेव्हां तेथें काय झालें, तो अर्धवट मिळाला तेव्हां काय झालें, आणि पुरता मिळाल्यावर काय झालें, ह्या तिन्ही गोष्टी तेथें अवघ्या वीस वर्षांत घडलेल्या दिसतात.

इ. स. १८५१ च्या खानेसुमारींत लंडनची लोकसंख्या सुमारें २३ लक्ष ६० हजार भरली. त्या काळीं जगांत एवढें मोठें शहर दुसरें क्वचितच होतें. पूर्वी तेथील घराघरांखालीं मैल्याचे खड्डे असत. रात्रीं गाडेवाले येऊन ते उपसून नेत आणि तें खत शेतकऱ्यांस विकीत. पुढें शहर वाढलें, शेतें दूर गेलीं, आणि पाण्याच्या लोटानें धुतल्या जाणाऱ्या शौचकूपांची चाल श्रीमंतांच्या घरांत सुरू झाली. त्या पाण्यानें खड्डे भरून वाहूं लागले. तेव्हां खड्डे बुजवून घरांतील घाण सरळ रस्त्याखालच्या गटारांत सोडण्याचा हुकूम झाला. गटारें मूळचीं पावसाच्या पाण्यासाठीं बांधलेलीं. तीं सर्व थेम्स नदीस मिळत. घरें स्वच्छ झालीं, पण नदी हेंच एक गटार झालें. थेम्स ही भरतीओहोटीची नदी आहे. ओहोटीबरोबर खालीं गेलेली घाण भरतीबरोबर पुन्हां शहरांत येई. आणि नळाचें पाणी पुरविणाऱ्या कित्येक खासगी कंपन्या त्याच नदीचें पाणी पंपानें खेंचून लोकांच्या घरीं पोहोंचवीत असत.

ह्याचा परिणाम भयंकर झाला. इ. स. १८४८-४९ च्या पटकीच्या साथींत लंडनमध्यें १४,१३७ माणसें मेलीं. १८५३-५४ च्या साथींत १०,७३८ मेलीं. १८५४ सालीं डॉ. जॉन स्नो ह्यांनीं ब्रॉड स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावरील एका पंपाभोंवतीं झालेल्या मृत्यूंची घरोघर चौकशी केली आणि पटकी दूषित पाण्यांतून पसरते असें दाखविलें. परंतु त्यांचें म्हणणें तेव्हां फारसें कोणास पटलें नाहीं. रोग दुर्गंधीनें, म्हणजे कुजक्या हवेनें होतो, असाच बहुतेक विद्वानांचा समज होता. तथापि हवा म्हणा किंवा पाणी म्हणा, नदींतील घाण दूर केली पाहिजे ह्याविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत होतें. मग ती दूर कां झाली नाहीं?

ह्याचें पहिलें कारण असें कीं, सबंध लंडनचा असा कोणी कारभारीच नव्हता. शहर वाढत वाढत शेंकडों वस्त्यांस गिळून बसलें होतें, पण कारभार मात्र जुन्या वस्त्यांचा निरनिराळा राहिला. पॅरिश म्हणजे आपल्याकडील पेठेसारखा विभाग. प्रत्येक पॅरिशचें मंडळ वेगळें, त्याची पट्टी वेगळी आणि त्याचे दिवे, रस्ते व गटारेंही वेगळीं. एका पेठेचें गटार दुसऱ्या पेठेच्या गटारापेक्षां खालच्या पातळीवर असलें तर दोन्ही जोडण्याची सत्ता कोणाचीच नव्हती. १८४८ सालीं सरकारनें गटारांपुरतें एक मंडळ नेमलें. तें मोडून दुसरें, दुसरें मोडून तिसरें, अशीं १८५५ पर्यंत सहा मंडळें झालीं. त्यांनीं शहराची मोजणी केली, नकाशे काढले, आणि जोसेफ बॅझलगेट नांवाचा एक अत्यंत कुशल इंजिनियर त्यांच्याच नोकरींत तयार झाला. योजना होती, माणूस होता. पण एवढ्या मोठ्या कामास पुरेल इतकें कर्ज उभारण्याचें सामर्थ्य ह्या मंडळांपाशीं नव्हतें. त्यामुळें नकाशे दप्तरांतच राहिले.

१८५५ सालीं सर बेंजामिन हॉल ह्यांच्या प्रयत्नानें पार्लमेंटनें एक नवा कायदा केला आणि सर्व लंडनसाठीं ‘मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स’ हें मंडळ स्थापिलें. आपण त्यास येथें ‘बांधकाम मंडळ’ म्हणूं. त्याचे ४५ सभासद होते. ते मतदारांनीं थेट निवडलेले नव्हते. पॅरिशांचीं व पोटविभागांचीं जीं मंडळें होतीं, त्यांनीं आपल्यांतून ते पाठवावयाचे होते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें महत्त्व दिसून येईल. सर जॉन थ्वेट्स हे त्या मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले आणि बॅझलगेट मुख्य इंजिनियर झाले.

ह्या मंडळावर कायद्यानें एक मोठें कर्तव्य लादलें. तें असें कीं, १८६० साल संपण्यापूर्वीं शहराची घाण शहराजवळ नदींत जाणार नाहीं अशीं मुख्य गटारें बांधावीं. कर्तव्याबरोबर पट्टी घेण्याचा अधिकारही दिला. मंडळाचे कारकून घरोघर फिरत नसत. मंडळ प्रत्येक पॅरिशकडे मागणीपत्र धाडी आणि पॅरिशनें तेवढी रक्कम आपल्या पट्टींत मिळवून वसूल करून द्यावयाची, अशी रीति होती. परंतु ह्याच कायद्यानें मंडळाचे हात बांधूनही ठेवले. ५० हजार पौंडांवरील कोणत्याही कामास सरकारच्या बांधकाम खात्याच्या मुख्याची मंजुरी लागे, आणि एक लक्ष पौंडांवरील कामास पार्लमेंटची. शिवाय गटारांची योजना त्या खात्यास पसंत पडल्याखेरीज कामास हात घालतां येत नसे.

आतां ह्या बांधलेल्या हातांचा परिणाम पाहा. बॅझलगेट ह्यांनीं १८५६ सालीं आपली योजना मांडली. बांधकाम खात्याचे मुख्य तेव्हां स्वतः हॉलसाहेबच होते. गटारांचीं तोंडें शहराच्या फार जवळ ठेवलीं आहेत, भरतीबरोबर घाण परत येईल, असा त्यांनीं आक्षेप घेतला. आक्षेप अगदींच खोटा नव्हता. पण तोंडें आणखी खालीं, समुद्राकडे न्यावयाचीं तर खर्च वाढणार. हा वाढीव खर्च लंडनच्या घरपट्टींतून यावा कीं सबंध देशाच्या तिजोरींतून, ह्याचा निर्णय होईना. तज्ज्ञांची समिति बसली. तिनें त्याहूनही खर्चाची दुसरी योजना सुचविली. मंडळानें ती नाकारली. एकाच्या हातीं योजना, दुसऱ्याच्या हातीं मंजुरी आणि तिसऱ्याच्या हातीं पैसा, अशी ही त्रिस्थळी यात्रा सुमारें दोन वर्षें चालली. त्या दोन वर्षांत मुख्य गटाराची एक वीटही बसली नाहीं.

हा पेंच १८५८ च्या उन्हाळ्यानें सोडविला. त्या वर्षी जून महिन्यांत उष्मा विलक्षण झाला, पाऊस पडला नाहीं, आणि थेम्स नदींतून अशी दुर्गंधी उठूं लागली कीं, इतिहासांत त्या उन्हाळ्यास ‘महादुर्गंधीचा उन्हाळा’ असेंच नांव पडलें आहे. पार्लमेंटची इमारत नदीकांठींच आहे. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडांत भिजवून टांगले, तरी सभासदांस नाकाशीं रुमाल धरल्यावांचून बसवेना. पटकीनें हजारों गरीब मेले तेव्हां जें कायदेमंडळ हललें नव्हतें, तें स्वतःच्या नाकास दुर्गंधी लागतांच हललें. अर्थमंत्री डिझरायली ह्यांनीं १५ जुलै रोजीं कायद्याचा मसुदा मांडला आणि २ ऑगस्ट रोजीं त्याचा कायदा झाला. जें काम दहा वर्षें अडून राहिलें होतें त्याचा मार्ग अठरा दिवसांत मोकळा झाला.

ह्या कायद्यांतील कलमें आपण थोडीं बारकाईनें पाहूं. कारण सार्वजनिक मंडळाचे द्रव्यविषयक अधिकार म्हणजे काय, ह्याचा तो उत्तम पाठ आहे. पहिलें कलम स्वातंत्र्याचें: बांधकाम खात्याच्या मंजुरीची अट काढून टाकली आणि योजना ठरविण्याचा अधिकार मंडळासच दिला. दुसरें कलम कर्जाचें: मंडळानें ३० लक्ष पौंडांपर्यंत कर्ज काढावें. तिसरें कलम पट्टीचें: त्या कर्जाचें व्याज व मुद्दल फेडण्यासाठीं घरांच्या वार्षिक आकारणीवर दर पौंडास ३ पेन्स अशी खास पट्टी ४० वर्षें घ्यावी. चौथें कलम हमीचें: मंडळाच्या कर्जास सरकारी खजिन्यानें जामीन राहावें.

त्या काळीं एका पौंडाचे २४० पेन्स होत असत. तेव्हां ३ पेन्स म्हणजे पौंडाचा ऐंशींवा भाग, अर्थात् शेंकडा सव्वा झाला. ज्या घराची वार्षिक आकारणी २० पौंड होती, त्याच्या धन्यास वर्षास ६० पेन्स, म्हणजे ५ शिलिंग, ह्या पट्टीदाखल द्यावे लागत. ही रक्कम साधारण गृहस्थास कांहीं मोठी जड नव्हती. पण मग एवढ्या लहान रकमेंतून ३० लक्षांचें काम कसें होणार? समजा, एका शहरांतील सर्व घरांची मिळून वार्षिक आकारणी ८० लक्ष पौंड आहे. दर पौंडास ३ पेन्सप्रमाणें वर्षास एक लक्ष पौंड येतील. हे पैसे सांठवून ३० लक्ष झाले म्हणजे काम सुरू करूं, असें म्हणणाऱ्या शहरास तीस वर्षें वाट पाहावी लागेल. आणि तीस वर्षें पटकी थांबून राहणार नाहीं. कर्जानें हा काळाचा अडसर दूर होतो. पट्टी कांहीं केल्या येणारच अशी कायद्यानें खात्री असली म्हणजे सावकार पुढील चाळीस वर्षांच्या पट्टीच्या भरंवशावर आजच रक्कम देण्यास तयार होतो. आणि स्वतः सरकार जामीन असलें म्हणजे रक्कम बुडण्याची भीति राहत नाहीं, म्हणून तो व्याजही थोडें घेतो. तेव्हां पट्टी, कर्ज व हमी हीं तिन्ही कलमें एकमेकांशीं जखडलेलीं आहेत. पट्टीवांचून कर्ज मिळत नाहीं, हमीवांचून तें स्वस्त मिळत नाहीं, आणि कर्जावांचून काम वेळेवर होत नाहीं.

येथें एखादा विचारी विद्यार्थी विचारील, ‘आजच्या लोकांनीं कर्ज काढावें आणि तें उद्यांच्या लोकांनीं फेडावें, हा न्याय कोणता?’ प्रश्न योग्य आहे. खाण्यापिण्यासाठीं किंवा समारंभासाठीं काढलेलें कर्ज मुलांच्या डोक्यावर ठेवणें हा अन्यायच होय. पण उत्तम बांधलेलें गटार शंभर वर्षें टिकतें. त्याचा सर्व खर्च एकाच पिढीनें सोसावा आणि पुढील तीन पिढ्यांनीं तें फुकट वापरावें, हेंही न्यायाचें नव्हे. जो जो त्याचा लाभ घेईल त्यानें त्यानें आपला वांटा द्यावा, ह्या तत्त्वावर चाळीस वर्षांची मुदत ठरली. ह्यावरून एक नियम निघतो: कर्जाची मुदत बांधकामाच्या आयुष्याहून मोठी नसावी. गटार फुटून गेलें आणि कर्ज शिल्लक राहिलें, असें झालें तर मात्र पुढील पिढीनें आपणांस दोष द्यावा हें रास्तच होईल.

१८५९ सालीं कामास आरंभ झाला. योजना थोडक्यांत अशी होती. जुनीं गटारें उत्तरेकडून व दक्षिणेकडून नदीस मिळत; तीं नदीस पोंहोचण्यापूर्वींच अडवावीं, म्हणून नदीला समांतर अशीं पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारीं मोठीं गटारें निरनिराळ्या पातळ्यांवर बांधलीं. त्यांस मैलास निदान दोन फूट उतार दिला, म्हणजे घाण आपल्याच भारानें वाहत जावी. कित्येक ठिकाणीं त्यांचा आकार उभ्या अंड्यासारखा, तळाशीं निमुळता ठेवला, म्हणजे पाणी थोडें असलें तरी तें वेगानें जावें आणि गाळ सांचूं नये. जेथें जमीन फार सखल, तेथें वाफेच्या पंपांनीं घाण वर उचलून पुढें लोटली. अखेरीस शहराच्या पूर्वेस दूर, उत्तर तीरीं बेक्टन व दक्षिण तीरीं क्रॉसनेस येथें ती मोठ्या हौदांत सांठवून ओहोटीच्या वेळींच सोडावयाची, म्हणजे ती समुद्राकडे जावी. ह्या मुख्य गटारांची लांबी ८२ मैल भरली. त्यांस ३१ कोटी ८० लक्ष विटा लागल्या. क्रॉसनेसच्या पंपांचें उद्घाटन ४ एप्रिल १८६५ रोजीं युवराजांच्या हस्तें झालें. खर्च अंदाजाबाहेर गेला. कर्जाची मर्यादा पार्लमेंटकडून वाढवून घ्यावी लागली, आणि एकंदर खर्च ४० लक्ष पौंडांच्या वर गेला.

आतां ह्या खर्चाचें फळ काय, तें १८६६ सालच्या साथीनें दाखविलें. त्या वर्षी पटकी पुन्हां आली आणि लंडनमध्यें ५,५९६ माणसें मेलीं. परंतु ह्या वेळीं ती सबंध शहरांत पसरली नाहीं. बहुतेक मृत्यु पूर्व लंडनच्या गरीब वस्तींत झाले. आणि नवीं गटारें अद्याप पुरतीं चालू झालीं नव्हतीं ती हीच वस्ती. तेथील घाण वर उचलणारें ॲबी मिल्स येथील पंपघर १८६८ सालीं पुरें झालें. साथीनंतर दोन वर्षांनीं! १८५६ ते १८५८ हीं दोन वर्षें मंजुरीच्या वादांत गेलीं नसतीं तर हें पंपघर साथीपूर्वीं उभें राहिलें असतें कीं नाहीं, हें कोणी निश्चयानें सांगूं शकत नाहीं. तरी पण दप्तरांत पडून राहिलेल्या एका कागदाची किंमत किती असूं शकते, हें मनांत आणून पाहण्यास हे दोन आंकडे शेजारीं ठेवणें पुरेसें आहे.

मात्र केवळ गटार नव्हतें म्हणून पूर्व लंडन मेलें असें म्हणणें अर्धसत्य होईल. त्या भागास पाणी पुरविणाऱ्या कंपनीनें नीट न गाळलेलें पाणी लोकांस दिलें होतें, असें चौकशींत आढळलें. येथें आपणांस मंडळाच्या अधिकाराची सीमा दिसते. मंडळ घाण पाणी बाहेर नेऊं शकत होतें. स्वच्छ पाणी आंत आणणें त्याच्या हातीं नव्हतें. तें काम आठ खासगी कंपन्यांकडे होतें. १८५२ च्या कायद्यानें त्यांस भरतीच्या टापूंतील नदीचें पाणी घेण्याची बंदी केली होती व पाणी गाळण्याची सक्ती केली होती. पण नियम करणें वेगळें आणि कारभार आपल्या हातीं असणें वेगळें. त्या कंपन्या विकत घेण्याचा विचार मंडळानें पुढें केला, तो सिद्धीस गेला नाहीं. अखेर १९०२ च्या कायद्यानें एक स्वतंत्र पाणीमंडळ स्थापन झालें आणि १९०४ सालीं आठही कंपन्यांचा कारभार त्याच्याकडे आला. म्हणजे एकाच नदीच्या दोन कामांसाठीं एकाच शहरास दोनदां, जवळजवळ पन्नास वर्षांच्या अंतरानें, अधिकार मिळवावे लागले.

बांधकाम मंडळाची पत मात्र वाढत गेली. १८६९ च्या कायद्यानें त्याला आपल्या निरनिराळ्या कर्जांचे एकत्र असे दरसाल साडेतीन टक्के व्याजाचे रोखे काढण्याची परवानगी मिळाली. ह्या रोख्यांची फेड साठ वर्षांच्या आंत व्हावी म्हणून दरवर्षी कांहीं रक्कम बाजूस काढण्याचें बंधन त्याच्यावर घातलें होतें. हें बंधन फार महत्त्वाचें आहे. कर्ज काढण्याचा अधिकार देतांनाच फेडीचा मार्ग कायद्यानें आंखून दिला, म्हणून लोकांनीं ते रोखे विश्वासानें घेतले. पुढें मंडळ स्वतःच्या पतीवर स्वस्त कर्ज काढून तें पॅरिशांच्या मंडळांस व इतर लहान सार्वजनिक संस्थांस देऊं लागलें. एकट्या पेठेस जें व्याज पडलें असतें त्याहून कमी व्याजांत तिचें काम होऊं लागलें. मोठ्या झाडाच्या आश्रयानें वेल वर चढावी तसा हा प्रकार झाला.

परंतु सत्तेची व पैशाची वाढ झाली तशी एक उणीव उघडी पडली. हे ४५ सभासद लोकांनीं थेट निवडलेले नव्हते, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. पट्टी भरणाऱ्या माणसास आपला सभासद कोण, हें सहसा माहीतही नसे. मग त्याला जाब विचारणें दूरच राहिलें. नवे रस्ते काढण्यासाठीं मंडळ जागा विकत घेई आणि उरलेल्या जागा भाड्यानें देई. ह्या व्यवहारांत मंडळाच्या कांहीं नोकरांनीं लांच खाल्ल्याचें उघडकीस आलें. १८८८ सालीं लॉर्ड हर्शेल ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी कमिशन बसलें. त्याच वर्षी झालेल्या कायद्याप्रमाणें बांधकाम मंडळ बरखास्त होऊन १८८९ सालीं त्याचा कारभार लोकांनीं थेट निवडलेल्या ‘लंडन कौंटी कौन्सिल’कडे गेला. नव्या कौन्सिलकडे गटारें आलीं, पंपघरें आलीं, आणि राहिलेलें कर्जही आलें. मंडळ मोडलें म्हणून कर्ज मोडलें नाहीं. सार्वजनिक कर्ज हें सभासदांचें नसतें, तें नगराचें असतें. सभासद येतात आणि जातात, पट्टी भरणारा राहतो.

बॅझलगेट ह्यांचीं गटारें आजही, दीडशें वर्षांनंतर, वापरांत आहेत. पण शहराची लोकसंख्या आतां सुमारें नव्वद लक्ष झाली आहे, आणि मुसळधार पाऊस पडला म्हणजे गटारें भरून घाण पुन्हां नदींत सांडूं लागली. म्हणून नदीच्या तळाखालून सुमारें २५ किलोमीटर लांबीचा एक प्रचंड बोगदा नुकताच बांधण्यांत आला. २०२५ सालीं तो पूर्णपणें जोडला गेला. त्याचा खर्च साडेचार अब्ज पौंडांच्या आसपास गेला. ह्या वेळीं द्रव्य उभारण्याची रीति मात्र निराळी होती. बॅझलगेट ह्यांचें नांव धारण करणाऱ्या एका खासगी कंपनीनें भांडवल जमविलें, आणि त्याची भरपाई थेम्सकांठच्या गिऱ्हाइकांच्या पाणीबिलांतून, सरकारनें नेमलेल्या नियामकाच्या देखरेखीखालीं होत आहे. रीति बदलली तरी मूळ गोष्ट तीच राहिली आहे. आज कोणी तरी पैसा लावतो, आणि पुष्कळ वर्षें घराघरांतून तो थोडाथोडा फेडला जातो.

आपल्या प्रांतांतही ह्याच मार्गाचें उदाहरण आहे. पुणें महानगरपालिकेनें चोवीस तास पाणी पुरविण्याच्या योजनेसाठीं २०१७ सालीं २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले; त्यांवरील व्याज दरसाल दर शेंकडा ७.५९ ठरलें. तेव्हां लंडनची ही हकीकत केवळ परक्या देशाची जुनी गोष्ट आहे असें कोणी समजूं नये. आज शाळेंत असलेलीं मुलें मोठीं होऊन घरधनी होतील, तेव्हां कोणत्या ना कोणत्या नगराच्या कर्जाचा हप्ता त्यांच्या पट्टींत असणार.

म्हणून विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एक सूचना करून हा लेख पुरा करितों. घरीं घरपट्टी किंवा पाणीपट्टीचा कागद येतो, तो बहुधा वडीलमाणसें कपाळास आंठ्या घालून भरतात आणि खिळ्याला अडकवून ठेवतात. पुढील वेळीं तो कागद मुलांनीं मागून घ्यावा आणि वडिलांच्या शेजारीं बसून चार प्रश्नांचीं उत्तरें शोधावीं. ही पट्टी कोणत्या मंडळानें बसविली? तिच्यांतील किती भाग चालू खर्चाचा व किती कर्जफेडीचा? तें कर्ज कोणत्या कामासाठीं काढलें, आणि तें काम कर्ज फिटेपर्यंत टिकण्याजोगें आहे काय? आणि ह्या सर्वांचा जाब विचारावयाचा तर आपल्या वार्डांतून निवडून गेलेला सभासद कोण? चारही उत्तरें त्या कागदावर सांपडणार नाहींत. जीं सांपडणार नाहींत तीं नगरपालिकेच्या कचेरींत जाऊन विचारावीं. अंदाजपत्रक ही कांहीं गुप्त वस्तु नव्हे, आणि तें मागावयास गेलेल्या शाळकरी मुलास पाहून तेथील कारकुनास प्रथम नवल वाटलें, तरी दुसऱ्या वर्षी वाटणार नाहीं.